कायमचे आरव्हीतले बिऱ्हाड आणि डिसेंबरची सुट्टी : सण आपल्याच घरी कसा करावा?

बिऱ्हाड_पाठीवर
१० नोव्हेंबर २०२४

नमस्कार. गेली अडीच वर्षे मी आणि माझी पत्नी अमेरिकेत आरव्हीमध्येच, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घरातच, राहत आहोत. ओहायोतले घर विकले, पिकअप ट्रक घेतला, आणि त्यामागे जोडलेले, 'फिफ्थ व्हील' प्रकारचे ३१ फुटी ओढते घर हेच आमचे घर झाले. दुसरे घर कुठेही नाही. देवघर, मसाल्याचा डबा, आईने दिलेली परात, सर्व काही याच घरात आहे.

थँक्सगिव्हिंग हा नोव्हेंबरअखेरचा अमेरिकी सण जवळ आला की आप्तेष्टांपैकी प्रत्येक जण विचारतो, "मग या वर्षी सुट्टीला कुणाकडे जाणार?" हा प्रश्न प्रेमापोटीच येतो हे मी जाणतो. पण सण करायला घर लागते आणि ते आमच्याकडे नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते, आणि ते मनाला लागते.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही न्यू जर्सीला नातेवाइकांकडे गेलो. आरव्ही त्यांच्या ड्राइव्हवेवर उभी केली, पण तिथे गॅरेजमधल्या साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटखेरीज वीज नव्हती आणि पाइप गोठू नयेत म्हणून पाणी आधीच काढून टाकावे लागले. तीन आठवडे आम्ही त्यांच्या पाहुण्यांच्या खोलीत झोपलो. त्यांनी काही कमी केले नाही. तरीही रोज सकाळी खिडकीतून आपलेच घर अंधारात, थंडगार, रिकामे उभे असलेले पाहताना पत्नीला रडू येत असे.

दुसऱ्या वर्षी मुलाजवळ राहावे म्हणून कोलोरॅडोतल्या डोंगरात एका कॅम्पग्राउंडवर जागा घेतली. वीज, पाणी, सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या होत्या. २४ डिसेंबरच्या रात्री तापमान उणे १८ सेल्सिअसपर्यंत उतरले आणि पहाटे नळातून पाणी येईना. बाहेरची नळी गोठली होती हे दिसत होते, पण नंतर कळले की आमच्या घराच्या फरशीखालच्या बंद पोकळीतला पाइपही तडकला होता. कार्यालय सुट्टीमुळे बंद. ख्रिसमसच्या दिवशी मी गाडीखाली पाठीवर पडून हेअर ड्रायर धरला होता, आणि मुलगा बादलीने पाणी आणत होता. आत दोन विजेचे हीटर लावून खोली चांगली उबदार ठेवली होती, मग खाली असे का व्हावे, हे मला आजही समजलेले नाही.

या वर्षी आम्ही कुणाकडे जाणार नाही. डिसेंबर आणि जानेवारी आमच्याच घरात, आमच्याच टेबलाशी काढायचे आहेत. या वर्षी मार्गशीर्ष २ डिसेंबरला सुरू होतो आणि शेवटचा गुरुवार ख्रिसमसच्या दुसऱ्याच दिवशी येतो, त्यामुळे पत्नीला चारही गुरुवार एकाच ठिकाणी हवे आहेत. मुलाने आमच्याकडे यावे अशीही इच्छा आहे. ज्यांनी असे हिवाळे काढले आहेत त्यांनी कुठे राहावे, थंडी कशी सांभाळावी आणि एकटेपणाचे काय करावे, हे सविस्तर सांगावे.

वाळवंटातला_वाटसरू
१० नोव्हेंबर २०२४

दादा, तुमचे लिखाण वाचून आमचा पहिला हिवाळा आठवला. आम्ही पाच वर्षे डिसेंबर ते मार्च ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला असतो. गाव जेमतेम अडीच हजार वस्तीचे, पण हिवाळ्यात भोवतालच्या वाळवंटात आरव्हींचे दुसरे गाव वसते. ही जमीन केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची आहे. तिथल्या 'ला पोसा' या दीर्घ मुक्कामाच्या क्षेत्रात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या पूर्ण हंगामाचे परवानाशुल्क २०२४ मध्ये १८० डॉलर होते आणि १४ दिवसांचे ४० डॉलर. आरक्षण नाही. आत जायचे, मोकळी जागा पाहायची आणि थांबायचे. गावाभोवतीच्या इतर सरकारी जमिनीवर १४ दिवस विनामूल्यही राहता येते, पण तुम्हाला चार गुरुवार एका जागी हवे असतील तर परवानाच घ्या.

वीज किंवा पाण्याची जोडणी मात्र तिथे नसते. पिण्याचे पाणी, सांडपाणी सोडण्याची जागा आणि कचऱ्याची सोय ला पोसा साउथमध्ये आहे, तिथपर्यंत आपण जायचे. उंची समुद्रसपाटीपासून ९०० फुटांच्या आत असल्याने दुपारी स्वेटर लागत नाही आणि रात्री तापमान साधारण चार-पाच सेल्सिअसपर्यंत येते. पाइप गोठण्याची वेळ क्वचितच येते.

खरी अडचण उन्हाची आहे, आणि नवीन लोक तिथेच फसतात. डिसेंबरच्या उत्तरार्धात तिथला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर येतो. छतावर सपाट बसवलेल्या सौर पॅनेलला त्यामुळे समोरून पडणाऱ्या उन्हाच्या निम्म्याहून थोडीच अधिक ऊर्जा मिळते. साडेपाचच्या सुमारास दिवस मावळतो, आणि मग पुढचे चौदा तास दिवे, पंखा, फर्नेसचा (घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीचा) पंखा सर्व काही बॅटरीवर. आम्ही पॅनेलला दक्षिणेकडे तिरके उभे करण्याचे पाय बसवले आणि त्या एका बदलाने जनरेटर लावण्याचे दिवस निम्म्यावर आले.

एकटेपणाबद्दल आपण विचारलेत. संध्याकाळी कुणीतरी शेकोटी पेटवतो आणि खुर्ची घेऊन येणाऱ्याला नाव विचारण्याआधी जागा देतो. तिथे येणारे बहुतेक लोक साठीच्या पुढचे आहेत, त्यांची मुले दूर आहेत, आणि त्यांनाही हाच प्रश्न विचारला जातो, "सुट्टीला कुणाकडे?"

कावेरी_काठ
११ नोव्हेंबर २०२४

आम्ही टेक्सासमध्ये रिओ ग्रँड खोऱ्यात राहतो. इथे उत्तरेकडून येणाऱ्यांना 'विंटर टेक्सन' म्हणतात आणि त्यांच्यासाठी आरव्ही पार्कमध्ये सभागृह, नृत्य, पत्त्यांचे डाव असे सर्व काही असते. जोडण्या हव्या असतील, आणि लोकांची सोबत ठरावीक वेळापत्रकाने मिळावी असे वाटत असेल, तर इकडे या. मासिक भाडे द्यावे लागते, पण वाळवंटातल्या पाण्याच्या खेपा वाचतात.

एक सावधगिरीची सूचना. दक्षिणेत गेलो म्हणजे गोठण्याची भीती संपली असे मानू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये संपूर्ण टेक्सास गोठले होते, वीज दिवसेंदिवस गेली होती, आणि ज्यांच्या टाक्यांत प्रोपेन (इंधनाचा गॅस) भरलेले होते असे आरव्हीवाले पक्क्या घरांतल्या शेजाऱ्यांना आपल्याकडे बोलावत होते. कुठेही असलात तरी दोन्ही सिलिंडर एकाच वेळी रिकामे होऊ देऊ नका.

शून्याखालचा_अभियंता
१२ नोव्हेंबर २०२४

मूळ धागाकर्त्यांचा पाइप का तडकला याचे उत्तर त्यांच्याच लिखाणात आहे, आणि ही चूक इतके लोक करतात की सविस्तर लिहितो.

आपल्या फिफ्थ व्हीलची प्रोपेन फर्नेस फक्त खोली तापवत नाही. बहुतेक गाड्यांत तिच्या गरम हवेची एक नळी खालच्या बंद पोकळीत सोडलेली असते, जिथे पाण्याच्या टाक्या आणि पाइप असतात. आपण विजेचे हीटर लावलेत, खोली उबदार झाली, तापमान पाहून फर्नेस चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटला वाटले की काम झाले, आणि फर्नेस सुरूच झाली नाही. वर आपण २० अंशांत झोपलात आणि खाली उणे तापमान साचत गेले. शून्याखालच्या रात्री हीटर मदतीला असू द्यावा, पण फर्नेस तासातून काही वेळा चालेल अशीच थर्मोस्टॅटची रचना ठेवावी. शिवाय बाहेरची नळी रात्री काढून, रिकामी करून आत ठेवावी आणि आतल्या टाकीतले पाणी पंपाने वापरावे. मैल्याच्या टाकीचा झडप कधीही उघडा सोडू नये, कारण पाणी वाहून जाते आणि उरलेला भाग तिथेच गोठून बसतो.

प्रोपेनचा हिशेब असा. २० पौंडांच्या सिलिंडरमध्ये सुमारे ४ लाख ३० हजार बीटीयू (उष्णतेचे एकक) उष्णता असते. तासाला ३० हजार बीटीयूची फर्नेस सलग चालली तर तो १४ तासांत संपतो. क्वार्ट्झसाइटसारख्या ठिकाणी रात्रीच्या बारा तासांत ती मिळून चारेक तास चालेल, म्हणजे एक सिलिंडर साधारण तीन रात्री पुरेल. तिचा पंखा १२ व्होल्टवर सात-आठ अँपिअर घेतो, म्हणजे रात्रीला ३० अँपिअर-तास बाजूला ठेवावे लागतात. बॅटरी लिथियमची असेल तर ती शून्य सेल्सिअसच्या खाली चार्ज करू नये, तिची जागा घराच्या आत हवी.

आता ओलाव्याबद्दल, कारण थंडीपेक्षा त्यानेच अधिक घरे खराब होतात. एक किलो प्रोपेन जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते. फर्नेस ती बाहेर सोडते, पण शेगडी आणि धुराडे नसलेले छोटे गॅस हीटर ती आतच सोडतात. त्यात आपला स्वयंपाक. वरण, भात, चहा, उकडलेले बटाटे, सर्व वाफेचे पदार्थ. ही वाफ थंड खिडकीवर, कपाटाच्या मागे आणि विशेषतः गादीखाली पाणी होऊन बसते, आणि फेब्रुवारीत गादी उचलली की काळी बुरशी दिसते. म्हणून भात-वरण कुकरमध्ये करावे, शिट्टीच्या वेळी छतावरचा पंखा चालू असावा, गादीखाली हवा खेळेल अशी जाळी किंवा पट्ट्या घालाव्यात, आणि थंडी असली तरी एक झरोका बोटभर उघडा ठेवावा. तो झरोका कार्बन मोनॉक्साइडसाठीही आवश्यक आहे. त्या वायूच्या अलार्मची तारीख आजच तपासा, कारण काही वर्षांनी त्यातला संवेदक निकामी होतो.

दोन_लेकरांची_आई
१३ नोव्हेंबर २०२४

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझे आई-बाबा चार वर्षांपासून आरव्हीत राहतात आणि मी शिकागोजवळ पक्क्या घरात. पहिल्या वर्षी त्यांनी "आम्ही या वेळी येणार नाही, आमच्या घरी सण करू" असे कळवले तेव्हा मला ते नाकारल्यासारखे वाटले होते. माझ्या मुलांना आजी-आजोबा हवे होते. काका, आपण ठरवलेत ते योग्यच आहे, पण मुलाला कळवताना "येणार नाही" असे न म्हणता "तू ये" असे म्हणा, आणि तारखा आत्ताच द्या.

ज्यांना मुलांकडे जायचेच आहे त्यांच्यासाठी आमचा अनुभव सांगते. पुढच्या वर्षी आम्ही वीजतंत्रज्ञाला बोलावून गॅरेजच्या बाहेरच्या भिंतीवर ३० अँपिअरची जोडणी करून घेतली. साध्या सॉकेटवर १८०० वॉट मिळतात आणि एकच हीटर चालतो, तर या जोडणीवर ३६०० वॉट मिळतात. आता आई-बाबा आमच्या दारात, पण स्वतःच्या अंथरुणात झोपतात, सकाळी बाबा स्वतःच्या ओट्यावर चहा करतात आणि मुले पायजम्यावर धावत त्यांच्याकडे जातात. मात्र आपल्या वसाहतीचे नियम आधी वाचावेत, कारण अनेक गृहसंस्था ड्राइव्हवेवर आरव्ही रात्रभर उभी करू देत नाहीत. आम्हाला त्यासाठी लेखी परवानगी घ्यावी लागली.

बिऱ्हाड_पाठीवर
१५ नोव्हेंबर २०२४

सर्वांचे मनापासून आभार. अभियंता महोदय, वर्षभर डोक्यात असलेल्या प्रश्नाचे उत्तर आपण दिलेत. प्रोपेन वाचवण्यासाठी मीच थर्मोस्टॅट खाली केला होता. ताई, आपला प्रतिसाद पत्नीने दोनदा वाचला आणि मुलाला त्याच संध्याकाळी फोन केला. तो २४ ते २९ डिसेंबर येणार आहे. क्वार्ट्झसाइट नक्की केले आहे.

क्रौंचांच्या_गावी
१६ नोव्हेंबर २०२४

आपण कोलोरॅडो किंवा पूर्वेकडून ॲरिझोनाला जात असाल तर वाट न्यू मेक्सिकोतून जाईल, म्हणून हे लिहीत आहे. बॉस्के देल अपाचे या अभयारण्यात हिवाळ्यात हजारो सँडहिल क्रौंच आणि 'स्नो गूस' नावाचे पांढरे हंस उतरतात. पहाटे तळ्याकाठी उभे राहावे, उजाडताना सर्व थवे एकदम उठतात आणि त्या आवाजापुढे बोलणे ऐकू येत नाही.

आम्ही स्वतः ख्रिसमसची पूर्वसंध्या लास क्रूसेसजवळच्या मेसियाच्या चौकात काढतो. तपकिरी कागदाच्या पिशवीत मूठभर वाळू, त्यात एक मेणबत्ती, अशा शेकडो 'ल्युमिनारिया' चौकाच्या कडेने आणि छपरांच्या कठड्यांवर रांगेने मांडतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या सासूबाई सोबत होत्या. त्यांनी चप्पल काढली आणि हात जोडले, कारण त्यांना ती आमच्या गावच्या त्रिपुरी पौर्णिमेची दीपमाळ वाटली. आपल्याला त्या रात्री थांबता येणार नसले, तरी पिशव्या आणि वाळू कुठेही मिळते. वाऱ्याच्या ठिकाणी मात्र खऱ्या मेणबत्तीऐवजी बॅटरीची वापरावी.

बिऱ्हाड_पाठीवर
१६ जानेवारी २०२५

ज्यांनी इतक्या आस्थेने लिहिले त्यांना काय झाले ते कळवणे हे माझे कर्तव्य आहे.

आम्ही ३० नोव्हेंबरला ला पोसाला पोहोचलो. वाटेत एक रात्र बॉस्के देल अपाचेजवळ काढली आणि पहाटे ते थवे पाहिले. जागा मुख्य रस्त्यापासून आत, दोन जुन्या आयर्नवूडच्या झाडांमध्ये मिळाली. घर अशा बेताने उभे केले की लांब बाजू दक्षिणेला येईल, म्हणजे दिवसभर खिडक्यांतून ऊन आत येते आणि संध्याकाळी आठपर्यंत फर्नेस लावावी लागत नाही. ४०० वॉटच्या पॅनेलना तिरके पाय बसवल्यावर स्वच्छ दिवशी बॅटरी दुपारी दोनपर्यंत भरते. ढग सलग दोन दिवस राहिले तेव्हाच जनरेटर काढावा लागला.

मार्गशीर्षाचा घट जेवणाच्या टेबलावर मांडला. नारळ, विड्याची पाने आणि पाच फळे यांची चिंता होती. नारळ आणि फळे युमा शहरात मिळाली, पानांऐवजी पत्नीने आंब्याची वाळलेली पाने वापरली, जी तिने गेल्या वर्षी फ्लोरिडातल्या एका बागेतून मागून आणली होती. युमाचा परिसर हिवाळ्यात जवळजवळ साऱ्या अमेरिकेला पालेभाजी पुरवतो, त्यामुळे कोथिंबीर, पालक आणि फ्लॉवर इतके ताजे होते की पत्नीने पिशवी नाकाशी धरून वास घेतला. निरांजन लावताना आम्ही खिडकी उघडी ठेवत होतो आणि आरती झाल्यावर ते लगेच शांत करत होतो. एवढ्याशा जागेत पडदा आणि ज्योत यांच्यात हातभराचेच अंतर असते.

आकाशकंदील दिवाळीनंतर आम्ही काढलाच नव्हता. तो पुढच्या छताच्या कापडी पडवीला टांगला. पहिल्याच आठवड्यात रात्री वारा सुटला आणि पडवीचा दांडा वाकता वाकता राहिला, तेव्हापासून सूर्यास्ताला पडवी गुंडाळायची आणि कंदील दाराच्या कडीला लावायचा असा नेम झाला. शेजारी मुक्कामाला असलेल्या, मिनेसोटाहून आलेल्या आजी रोज तो लागला की नाही हे पाहत असत. एकदा लावायचा राहिला तर त्या विचारायला आल्या की घरात सर्व ठीक आहे ना.

२४ तारखेला मुलगा फिनिक्सच्या विमानतळावर उतरला आणि तिथून दोन तासांत आमच्या दारात आला. टेबल खाली पाडून त्याचे अंथरूण होते, म्हणून घट तात्पुरता ओट्यावर हलवला. त्या रात्री आम्ही तिघांनी पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कागदी पिशव्यांत बॅटरीच्या मेणबत्त्या ठेवल्या. सातच्या सुमारास पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला, तिच्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात झाले होते. ती ८४ वर्षांची आहे आणि आमच्या या राहणीबद्दल तिला आजवर काळजीच होती. मुलाने फोन घेऊन तिला घरभर फिरवले. देवघर, ओटा, परात, बाहेरचे दिवे. परात दिसल्यावर तिने ती जवळून दाखवायला सांगितली आणि कडेवरचे नाव वाचले. ती तिच्याच लग्नातली आहे.

२६ तारखेला उद्यापन केले. आजूबाजूच्या सहा स्त्रियांना हळदी-कुंकवाला बोलावले आणि प्रत्येकीला फळाबरोबर युमाच्या मेडजूल खजुरांची पुडी दिली. पत्नीने व्रताची कथा इंग्रजीत सांगितली. मिनेसोटाच्या आजींनी कुंकू पुसले नाही, संध्याकाळी शेकोटीपाशी त्या तशाच बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि मी गावातल्या स्मशानभूमीतले हाय जॉलीचे स्मारक पाहून आलो. हा मूळचा हाजी अली, १८५० च्या दशकात अमेरिकी सैन्याने उंट आणले तेव्हा त्यांच्याबरोबर आलेला उंटवाला. १९०२ मध्ये तो वारला. दगडी पिरॅमिड आणि त्याच्या टोकावर उंट. इतक्या दुरून येऊन इथेच राहिलेल्या माणसापाशी आम्ही बराच वेळ उभे होतो.

परवा संक्रांत झाली. भोगीला वांगी, गाजर, पावटा, हरभरे यांची भाजी आणि बाजरीची भाकरी केली. चिक्कीचा गूळ मिळाला नाही, साधाच गूळ घेतला आणि वड्या जरा मऊ झाल्या, तरी सर्व संपल्या.

शून्याखालचा_अभियंता
१७ जानेवारी २०२५

वाचून फार समाधान वाटले. गादीखालची अवस्था कशी आहे? आणि तिघे असताना पाणी किती लागले? पुढच्या वर्षी आम्ही चौघे तिकडे येण्याचा विचार करत आहोत.

बिऱ्हाड_पाठीवर
१७ जानेवारी २०२५

गादी आजच उचलून पाहिली, खाली कोरडे आहे. फक्त डोक्याकडच्या कोपऱ्यात किंचित दमट होते, तिथली पट्टी उद्या वाढवतो.

पाण्याचा हिशेब असा. आमची टाकी ६० गॅलनची आहे. दोघांना ती नऊ दिवस पुरते, तिघे असताना पाचव्या दिवशी संपली, कारण मुलाने रोज अंघोळ केली आणि आम्ही त्याला अडवले नाही. चौघांसाठी आपण चार दिवसांतून एक खेप धरावी. घर न हलवता पाणी आणण्यासाठी पिकअपमध्ये मावणारी ४० गॅलनची मऊ टाकी घ्या, आणि सांडपाण्यासाठी चाकांची वेगळी टाकी. आमच्या उत्तरेला दोन घरे राहतील एवढी सपाट जागा आहे. आपण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येणार असाल तर आधी कळवा, कारण नाताळच्या आसपास ती भरते.